रिसेप्शनची वाइन: आधी जागा, मग बर्फ, मग बाटली

नाशिकच्या लग्नात वाइन निवडताना चुकण्यासारखं फारसं काही नसतं. गंगापूर, दिंडोरी, इगतपुरी, विंचूर, कुठल्याही दिशेला निघालात तरी चांगली बाटली मिळते. गडबड होते ती बाटली घरी आल्यावर. तीन आठवडे माळ्यावर, मग टेम्पोत, मग दुपारभर मांडवाच्या कडेला, आणि रात्री आठ वाजता कोमट ग्लास पाहुण्याच्या हातात. तो एक घोट घेऊन ग्लास टेबलावर ठेवतो आणि व्हिस्कीच्या काउंटरकडे वळतो. घरचे म्हणतात, ब्रँड चुकला.

ब्रँड नव्हे, क्रम चुकलेला असतो. लोक आधी बाटल्या घेतात, मग त्या ठेवायच्या कुठे ते बघतात, आणि बर्फाचा विचार रिसेप्शनच्या दिवशी दुपारी सुचतो. हाच क्रम खाली उलटा लावला आहे.

१. तारीख, लॉन आणि कागद (सहा आठवडे आधी)

पहिला प्रश्न लॉनवाल्याला: इथे वाइन चालते का? गंगापूर रोड असो की मुंबई-आग्रा महामार्ग, बरीच मंगल कार्यालयं आणि लॉन्स मद्याला साफ नाही म्हणतात. होकार मिळाला तर तो बुकिंगच्या पावतीवर लिहून घ्या. मॅनेजर बदलला की तोंडी होकारही बदलतो.

खुल्या लॉनवर वाइन द्यायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एका दिवसाचा तात्पुरता परवाना लागतो. अर्ज विभागाच्या ऑनलाइन सेवेतून करता येतो. आदल्या दिवशी धावपळ करण्यापेक्षा कागदांची यादी आधीच बघून ठेवा. स्वतःचा परवाना असलेल्या हॉटेलात रिसेप्शन असेल तर प्रश्न वेगळे: बाहेरची बाटली आणू देतात का आणि कॉर्केज, म्हणजे बाहेरची बाटली उघडून देण्याचं शुल्क, किती? प्रत्येक बाटलीमागचं कॉर्केज धरलं की कधी कधी हॉटेलचीच वाइन स्वस्त पडते.

मग कॅलेंडर. तुळशीची लग्नं उरकली की मुहूर्त सुरू होतात, पण कार्तिकी एकादशी त्याच सुमाराला येते. वैशाखातले मुहूर्त १ मेच्या आसपास पडतात. असे दिवस ड्राय डे असू शकतात, शिवाय निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास बंदी असते. त्या वर्षाची यादी पाहिल्याशिवाय पत्रिकेत रिसेप्शनची तारीख छापू नका.

सावध: "दमणहून आणू, निम्म्यात पडेल" असं सांगणारा एक नातेवाईक प्रत्येक घरात असतो. महाराष्ट्राचं शुल्क न भरलेली बाटली इथे आणणं गुन्हा आहे, आणि एका दिवसाचा परवाना तिला लागू होत नाही. मिलिटरी कॅन्टीनच्या बाटल्यांचंही तेच. तपासणी झाली तर नवरदेवाचे वडील चौकीत आणि वरात दारात.

वयाचाही मुद्दा आहे. महाराष्ट्रात वाइनसाठी किमान वय २१ आहे. नवरदेवाचे कॉलेजमधले मित्र बहुतेक बसतात, धाकट्या भावाचे मित्र बसत नाहीत. काउंटरवरच्या माणसाला हे आधी सांगून ठेवा, म्हणजे ऐनवेळी वाद होत नाही.

२. पत्रिका मोजू नका, पिणारे मोजा

सर्वांत महागडी चूक इथे होते. सातशे पाहुणे म्हणून सातशेच्या हिशेबाने बाटल्या घेतल्या जातात. आपल्या रिसेप्शनला सातशेतले चारशे जण स्टेजवर फोटो काढून, जेवून तासाभरात घरी जातात. त्यात माळकरी काका असतात, लेकराला कडेवर घेतलेल्या मावश्या असतात, ऑफिसातून थेट आलेले आणि गाडी चालवत परत जाणारे असतात.

दोन्हीकडच्या एकेका जाणत्या माणसाला यादी घेऊन बसवा आणि नावांवर खुणा करायला सांगा. मामेभाऊ हे काम वडिलांपेक्षा चोख करतो. खुणा मोजल्या की हिशेब सोपा आहे.

७५० मिलिलिटरच्या बाटलीत १५० मिलिलिटरचे पाच ग्लास निघतात. साडेतीन तासांच्या रिसेप्शनला वाइन पिणाऱ्यामागे सरासरी अडीच ग्लास धरा. ११० जण असतील तर २७५ ग्लास, म्हणजे ५५ बाटल्या. खराब निघणाऱ्या आणि सांडणाऱ्या धरून ६०, म्हणजे बाराच्या पाच पेट्या. व्हिस्की आणि बिअरही असेल तर दीड ग्लास धरला तरी पुरतो.

पाच पेट्यांची वाटणी ऋतू बघून करा. एप्रिल-मेमध्ये व्हाइट अडीच, रोझे (गुलाबी वाइन) एक, रेड दीड. डिसेंबरात रेड अडीचवर न्या आणि व्हाइट दीडवर आणा. टोस्टसाठी, म्हणजे ग्लास उंचावून शुभेच्छा द्यायला, स्पार्कलिंग (बुडबुड्यांची वाइन) हवी असेल तर तिचा हिशेब वेगळा मांडा: माणशी १०० मिलिलिटर पुरे, म्हणजे एका बाटलीत सात जण. मात्र टोस्ट खरोखर होणार असेल तरच घ्या. आपल्याकडे स्टेजवर शुभेच्छांची रांग लागलेली असते, टोस्टला मुहूर्तच सापडत नाही आणि स्पार्कलिंग पेटीतच राहते.

३. ठेवायची जागा, खरेदीच्या आधी

या पायरीवर वेळ घालवा. पुढचं सगळं हिच्यावर अवलंबून आहे.

वाइनला गार आणि स्थिर जागा लागते, अंधार लागतो. आदर्श तापमान १२ ते १५ अंश. ते घरात मिळणार नाही आणि दोन-तीन आठवड्यांसाठी त्याची गरजही नाही. २५ च्या खाली राहणारी जागा चालेल. २८ च्या वर असेल तर दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका. तिशीच्या पुढे व्हाइट आणि रोझेतला ताजेपणा आधी जातो, मग चव शिजवलेल्या फळासारखी होते. उष्णतेने आतला द्रव फुगतो आणि बुच वर ढकलतो. अशी बाटली ओळखता येते: बुच काठाच्या किंचित वर आलेलं असतं, आणि वरचं वेष्टण फिरवायला गेलं तर ते फिरत नाही, कारण खाली झिरपलेली वाइन वाळून चिकटलेली असते.

जागा डोळ्यांनी ठरवू नका. एक साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, ज्यात दिवसाचं कमाल आणि किमान दिसतं, आणि ज्या जागा सुचतात तिथे एकेक दिवस ठेवा. मग कळतं की माळा सर्वांत वाईट, कारण वर स्लॅब तापलेला असतो. गच्चीवरची खोली त्याहून वाईट. स्वयंपाकघरात लग्नाच्या आधी दिवसभर कढया चढलेल्या असतात. गाडीच्या डिकीचा तर विचारही नको. चांगल्या जागा बहुधा तळमजल्यावर सापडतात: मधली बिनखिडकीची खोली, उत्तरेच्या भिंतीलगत दिवाणाखाली, जिन्याखालची कोठी. जुन्या नाशकात किंवा पंचवटीत कुणाचा जाड भिंतींचा वाडा अजून उभा असेल, तर तिथली आतली खोली मे महिन्यातही बरीच गार राहते.

बेडरूममध्ये एसी आहे म्हणून तिथे ठेवू, हा तर्क फसवा आहे. एसी रात्री चालतो, दिवसा बंद असतो. रात्री २२ आणि दुपारी ३४ अशी रोज वरखाली होण्यापेक्षा सतत २५ असलेली कोठी बरी.

नाशिकपुरता आणखी एक मोह आहे. द्राक्षवाल्या मित्राचं कोल्ड स्टोरेज पिंपळगावला किंवा ओझरला असतं, आणि तो म्हणतो, टाक माझ्याकडे. टाकू नका. द्राक्षं शून्य अंशाच्या आसपास आणि भरपूर दमट हवेत ठेवलेली असतात, पेट्यांमध्ये सल्फरचे पॅड असतात. दमट हवेने लेबलं सुटतात, पेटीचा पुठ्ठा मऊ पडून खालून फाटतो. शिवाय दुसऱ्याच्या आवारात मद्याचा साठा, हा परवान्याचाही प्रश्न आहे.

घरात योग्य जागा सापडलीच नाही तर सर्वांत सोपा उपाय विकणाऱ्याकडेच असतो. पैसे आधी द्या, माल त्याच्या गार गोदामातच राहू द्या आणि आदल्या दिवशी उचला. विचारलं तर बरेच जण तयार होतात, पण विचारायचं कुणाला सुचत नाही.

तपासा: ठरवलेल्या जागेत सलग तीन दिवस थर्मामीटरचा कमाल आकडा २५ च्या आत आहे का? नसेल तर चौथ्या पायरीकडे जाऊ नका.

४. निवड: टेस्टिंग रूममध्ये नव्हे, जेवणाबरोबर

वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये एसी असतो, समोर द्राक्षमळा आणि गंगापूर धरणाचं पाणी दिसतं, आणि ग्लासात योग्य तापमानाची वाइन असते. तिथे सगळंच आवडतं. तिथे जाऊन या जरूर, पण ऑर्डर तिथल्या तिथे देऊ नका. चार-पाच बाटल्या घरी आणा, केटरर मेन्यूची चव द्यायला येईल त्या दिवशी उघडा आणि त्याच पदार्थांबरोबर प्या.

मग काही गोष्टी लगेच कळतात. कॅबरनेसारख्या तुरट रेडबरोबर काळ्या मसाल्याचा रस्सा खाल्ला की तिखट दुप्पट लागतं आणि वाइन कडवट. आपल्या जेवणाला शेनां ब्लांक किंवा रीस्लिंगसारखी किंचित गोडसर व्हाइट फार सोपी जाते. कोथिंबीर वडी, सुरळीच्या वड्या, हिरव्या चटणीचे कबाब यांना सॉव्हिन्यों ब्लांकचा आंबटपणा मानवतो. पनीर टिक्का आणि तंदुरी चिकनला रोझे चालते आणि ती मे महिन्यात सर्वांत आधी संपते. रेडमध्ये शिराझ घ्या, पण ओकच्या लाकडी पिंपात जास्त मुरवलेली महागडी रिझर्व्ह नको. गर्दीत, तिखटाबरोबर, उभ्याने पिताना तिचं काही कळत नाही. ती दोघांनी नंतर निवांत प्यावी.

एक व्हाइट, एक रोझे, एक रेड. बस. सहा प्रकार ठेवले की काउंटरवर प्रश्नोत्तरं सुरू होतात, प्रत्येकाची एकेक बाटली अर्धी उघडी राहते आणि रांग वाढते.

स्पार्कलिंगच्या लेबलवर 'ब्रूट' म्हणजे कोरडी, गोड नव्हे. गोडसर हवी तर 'डेमी सेक' बघा. पहिल्यांदा पिणाऱ्या काकूंना ब्रूट दिली की चेहरा आवळा खाल्ल्यासारखा होतो.

लेबलवरचं वर्ष बघायला विसरू नका. आपल्याकडे द्राक्षतोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, त्यामुळे डिसेंबरच्या लग्नाला त्याच वर्षाची व्हाइट मिळू शकते. व्हाइट आणि रोझे चालू किंवा मागच्या वर्षाची घ्या. "जुनी म्हणजे चांगली" हे इथे लागू नाही. दुकानदार सूट देऊन तीन वर्षांपूर्वीची रोझे गळ्यात मारतो आहे का, ते बघा.

५. खरेदीच्या दिवशी

सकाळी उचला. दुपारी दोनला बंद टेम्पोत पेट्या भरल्या तर तिसरी पायरी वाया गेली. पेट्या उघडून बाटल्या हाताळा: वर आलेलं बुच, चिकट वेष्टण, एकीत कमी भरलेली पातळी, वेगवेगळी वर्षं. बिल आणि परवान्याची प्रत गाडीतच ठेवा. न उघडलेल्या बाटल्या परत घेण्याचं आश्वासन लेखी नसेल तर ते नाहीच असं धरा.

वायनरीतून थेट घेत असाल तर एक-दोन आठवडे आधी कळवा. लग्नसराईत पाच पेट्या एकाच वर्षाच्या, एकाच प्रकारच्या हव्या असल्या तर त्या जागेवर असतीलच असं नाही.

६. घरात

बाटली आडवी ठेवायची की उभी, यावर लोक तासभर वाद घालतात. दोन-तीन आठवड्यांसाठी काही फरक पडत नाही. बुच सुकायला महिने लागतात, आणि नाशिकच्या बऱ्याच वाइन्सना आता फिरकीचं झाकण असतं, तिथे तर प्रश्नच नाही. पेट्या बंद ठेवा, जमिनीवर फळी टाकून वर ठेवा, शेजारी फिनेल, अगरबत्ती, रंगाचे डबे नकोत. खोलीला कुलूप लावा आणि किल्ली एकाकडेच असू द्या. हळदीच्या रात्री दोन पेट्या "अशाच" संपतात.

सावध: फ्रीझरमध्ये बाटली ठेवून विसरू नका. वाइन उणे पाच-सहा अंशांना गोठते आणि बाटली फुटते किंवा बुच उडतं.

७. लॉनवर: बर्फाचं गणित

तापमानं आधी: स्पार्कलिंग ६ ते ८ अंश, व्हाइट आणि रोझे ८ ते १२, रेड १६ ते १८. रेड 'रूम टेंपरेचर'ला प्यायची असते, हे युरोपातल्या थंड खोलीबद्दल आहे. एप्रिलमध्ये संध्याकाळी सातला नाशकातलं लॉन ३४ वर असतं, तिथे रेडलाही वीस-पंचवीस मिनिटं बर्फात बसावं लागतं. डिसेंबरात उलटं होतं. रात्री नऊनंतर पारा झपाट्याने उतरतो, निफाडकडच्या थंडीचं तर बोलायलाच नको. उघड्यावर ठेवलेली रेड इतकी गार पडते की नुसता तुरटपणा लागतो. तेव्हा रेडच्या पेट्या आत खोलीत ठेवा आणि लागतील तशा बाहेर आणा.

बाटलीमागे एक किलो बर्फ धरा. ४२ बाटल्या व्हाइट आणि रोझे असतील तर तेवढे किलो, रेड आणि उन्हाची वितळण धरून एकूण ६० ते ७०. लादी मागवत असाल तर फोडून आणायला सांगा. लॉनवर लादी फोडायला कुणाकडे काही नसतं, मग कुणीतरी तंबूच्या खुंटीने ती फोडत बसतो.

आता सगळ्यांत जास्त चुकणारी गोष्ट. टबात नुसता बर्फ भरतात आणि बाटल्या वर रोवून ठेवतात. बर्फाचे तुकडे काचेला जागोजागी टेकतात, मधे हवा राहते, आणि तासाभराने तळ गार, मान कोमट. टबात अर्धा बर्फ आणि अर्धं पाणी घाला, बाटल्या मानेपर्यंत बुडवा. वीस ते तीस मिनिटांत काम होतं. घाई असेल तर दोन मुठी खडे मीठ टाका, आणखी लवकर गार होते.

सगळ्या बाटल्या एकदम बुडवू नका. पाण्यात लेबल सुटतं, आणि लेबल सुटलेली बाटली ना परत जाते ना कुणाला भेट देता येते. आधी पहिल्या तासाला लागतील तेवढ्या, मग दर अर्ध्या तासाला भर.

सावध: बर्फ कारखान्यातला निळसर बर्फ खाण्याचा नसतो, तो ओळखू यावा म्हणूनच त्यात रंग घातलेला असतो. तो टबात चालेल, ग्लासात नको. सरबतासाठी खाण्याचा बर्फ वेगळ्या डब्यात ठेवा आणि डब्यावर ठळक लिहा. केटररची मुलं घाईत जो हाताला लागेल तो घेतात.

तपासा: पाहुणे यायच्या अर्धा तास आधी एक बाटली उघडा आणि स्वयंपाकघरातला थर्मामीटर ग्लासात बुडवा. व्हाइट १२ च्या वर असेल तर काउंटर उघडू नका.

८. उघडणं आणि ओतणं

काउंटर जेवणाच्या रांगेपासून आणि स्टेजपासून दूर, लॉनच्या एका कोपऱ्यात घ्या. वडीलधाऱ्यांना समोर बसून बघावं लागू नये, आणि पिणाऱ्यालाही सासऱ्यांच्या नजरेसमोर ग्लास धरावा लागू नये. शेजारीच कोकम सरबत आणि साधं पाणी ठेवा.

ग्लास पिणाऱ्यांच्या दीडपट लागतात, कारण लोक ग्लास कुठेतरी ठेवतात आणि नवा घेतात. केटररचे ग्लास आधी हुंगा. साबणाचा किंवा कपाटाचा वास असेल तर स्वच्छ पाण्यातून पुन्हा काढायला लावा. एका ग्लासावर १५० मिलिलिटरची खूण टेपने करून काउंटरवर ठेवा. ओतणारा मुलगा सवयीने काठोकाठ भरतो, आणि मग बाटलीत पाच ऐवजी तीनच ग्लास निघतात. दुसऱ्या पायरीतला सगळा हिशेब तिथे बुडतो.

बुचाची बाटली उघडली की ओतण्याआधी हुंगायचं. ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट कोठीचा वास आला तर ती बाजूला ठेवा. हे काम वास कळणाऱ्या एका माणसाला द्या. दर्प कळत नसलेला उत्साही मित्र नको. कॉर्कस्क्रू किमान तीन हवेत. एक हरवतो, एक मोडतो.

स्पार्कलिंगच्या बाटलीत गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त दाब असतो. ती गार असली पाहिजे आणि हलवलेली नसावी. तार सैल केल्यावर अंगठा बुचावरून काढायचा नाही. बाटली तिरकी धरा, वर रुमाल, बुच घट्ट पकडा आणि बाटली फिरवा. फोटोसाठी 'फट्' असा आवाज काढायचाच असेल तर तोंड मांडवाच्या झुंबरापासून आणि आत्याबाईंपासून दूर ठेवा.

काउंटर जेवण संपायच्या अर्धा तास आधी बंद करा. घरी गाडी चालवून जाणाऱ्यांसाठी दोन-तीन ड्रायव्हर आधीच सांगून ठेवा. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा होतो. ही मर्यादा ओलांडायला फार ग्लास लागत नाहीत.

९. उरलेल्या बाटल्या

रात्रीच्या रात्री मोजा. बंद बाटल्या कोरड्या पुसून पेटीत, आणि पेटी त्याच गार कोठीत. उघड्या बाटल्यांना झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा: व्हाइट, रोझे आणि रेड तीन-चार दिवस, स्पार्कलिंग घट्ट स्टॉपर लावून दुसऱ्या दिवसापर्यंत. सत्यनारायणाच्या दिवशी फ्रिजमध्ये प्रसादाशेजारी बाटली दिसू नये, एवढं बघा. रिकाम्या बाटल्या लॉनवर सोडू नका, भंगारवाल्याला सकाळीच बोलवा, आणि परवाना व बिलाच्या प्रती महिनाभर फाइलमध्ये राहू द्या.